मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांतील प्रथिनांच्या डेटावर पोस्ट-डॉक्टरल संशोधन : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या आजारांत रक्तातील किंवा मणक्यातून काढलेल्या द्रवातील प्रथिनांच्या नोंदींवर पीएच.डी.नंतर संशोधन करायचे असेल, तर दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. एक फेलोशिपची आणि दुसरी डेटाची. यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीकडून विचारणा करणारे उमेदवार बहुधा पहिलीच्याच मागे असतात आणि दुसरीची आठवण त्यांना रुजू झाल्यावर येते. तोवर फेलोशिपच्या दोन वर्षांतले दोन-तीन महिने हातचे गेलेले असतात.

या विषयाला जवळच्या दोन केंद्रीय योजना आहेत. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची, म्हणजे पूर्वीच्या एसईआरबीची (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची), राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. उमेदवार भारतीय नागरिक आणि पीएच.डी., एम.डी. किंवा एम.एस. पदवीधारक असावा लागतो. प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यालाही अर्ज करता येतो. वयोमर्यादा ३५ वर्षे असून महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ५ वर्षांची सवलत मिळते. ही फेलोशिप आयुष्यात एकदाच घेता येते, हे ध्यानात ठेवून अर्जाची घाई करू नये. दुसरी योजना जैवतंत्रज्ञान विभागाच्या रिसर्च असोसिएटशिपची. तिचे काम बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेमार्फत चालते आणि तिची वयोमर्यादा सैल, म्हणजे ४० व महिलांसाठी ४५ वर्षे आहे. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित दरांनुसार रिसर्च असोसिएटला श्रेणीप्रमाणे दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. दोन्ही ठिकाणी अर्जापूर्वी चालू जाहिरात शब्दशः वाचावी.

मार्गदर्शक मान्यताप्राप्त संस्थेत नियमित पदावर असावा लागतो आणि संस्थाप्रमुखाच्या सही-शिक्क्याचे संमतीपत्र अर्जासोबत जोडावे लागते. मार्गदर्शकाचा होकार एका ई-मेलवर मिळतो. सही मिळवायला मात्र टपालाच्या टेबलापासून सुरुवात करावी लागते, म्हणून अंतिम तारखेच्या तीन आठवडे आधी तो मसुदा संस्थेत पोहोचवावा. काम संगणकावरचे असले तरी फेलोशिप पूर्णवेळ आणि यजमान संस्थेत राहून करायची असते; आर्णीच्या घरी बसून ती करता येईल, या समजुतीत राहू नये.

कागदपत्रांत आपल्या भागातले अर्ज अडतात ते प्रामुख्याने दोन ठिकाणी. पहिले ठिकाण जातीच्या प्रमाणपत्राचे. राज्यातले विमुक्त जाती-भटक्या जमाती हे प्रवर्ग केंद्रात नाहीत. आपली जात इतर मागासवर्गाच्या केंद्रीय यादीत असेल, तर नॉन-क्रीमीलेअरचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातच काढावे लागते. सेतू केंद्रात अर्ज भरतानाच 'केंद्र शासनासाठी' असे स्पष्ट सांगावे, नाहीतर हातात राज्याचा नमुना पडतो. त्यासाठीच्या वार्षिक उत्पन्नाच्या आठ लाखांच्या मर्यादेत आईवडिलांचा पगार व शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, ही गोष्ट अनेक शेतकरी कुटुंबांना कोणी सांगतच नाही. दुसरे ठिकाण नावाचे. माझ्या दहावीच्या सनदेवर वडिलांचे नाव 'नामदेव' आणि पीएच.डी.च्या पदवीवर 'नामदेवराव' होते. आपल्याकडे आदराने लावलेला हा 'राव' एका कार्यालयाच्या पडताळणीत वेगळा माणूस ठरला आणि प्रतिज्ञापत्र होईपर्यंत माझा अर्ज बाजूला पडून राहिला. सर्व सनदा, आधार आणि पॅन समोरासमोर ठेवून प्रत्येक अक्षर आधीच जुळवावे.

प्रस्तावात प्रश्न अरुंद असावा. 'अल्झायमरमधील प्रथिनांचा अभ्यास' हे शीर्षक कोणताही परीक्षक बाजूला ठेवील. उदाहरणार्थ, रक्तातील पी-टाउ २१७ आणि न्यूरोफिलामेंट लाइट ही मेंदूच्या ऱ्हासाची खूण मानली जाणारी दोन्ही प्रथिने मूत्रपिंड कमकुवत असल्यासही वाढलेली दिसतात. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात; तिथल्या वृद्धांना परदेशात ठरवलेला रक्तचाचणीचा उंबरठा लावता येईल का, हा प्रश्न क्रिएटिनीनची (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या घटकाची) नोंद असलेल्या डेटासंचावर आधी तपासता येतो. भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ग्रामीण भागाचे प्रमाण शहरांपेक्षा जास्त आढळले. प्रस्तावाची गरज मांडायला एवढा आधार पुरतो.

आता डेटाकडे. युनिप्रॉट, प्रोटीन डेटा बँक, अल्फाफोल्डचा साठा आणि प्राइड या प्रथिनांच्या माहितीच्या खुल्या साठ्यांना कोणताही अर्ज लागत नाही. पण रुग्णांच्या नोंदी असलेल्या अमेरिकेतील अल्झायमरसाठीच्या एडीएनआय किंवा पार्किन्सनसाठीच्या पीपीएमआय या साठ्यांना ऑनलाइन अर्ज, संस्थेचा ई-मेल पत्ता, संशोधनाचा हेतू सांगणारा परिच्छेद आणि डेटा-वापराचा करार लागतो. मोठ्या प्रमाणावर काम करायचे असल्यास ३५,००० हून अधिक नमुन्यांतील सुमारे २५ कोटी प्रथिन-मोजण्यांचा, न्यूरोडीजनरेशन प्रोटिओमिक्सच्या (मेंदूच्या ऱ्हासातील प्रथिनांच्या अभ्यासाच्या) जागतिक संघाने २०२५ मध्ये खुला केलेला साठा पाहावा. संस्थेचा ई-मेल नसल्यास मार्गदर्शकाच्या नावाने अर्ज करून स्वतःचे नाव गटात घालून घ्यावे. हे फेलोशिपच्या निकालाची वाट न पाहता करता येते.

नोंदींमधून नावे काढलेली असली तरी 'मला नैतिक मंजुरी लागत नाही' हे संशोधकाने स्वतः ठरवायचे नसते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सूट, जलद पाहणी की पूर्ण समितीची पाहणी, हा निर्णय संस्थेच्या नैतिकता समितीचा असतो. सूट मिळाली तरी तिचे पत्र लेखी घ्यावे. गावातल्या वृद्धांचे रक्तनमुने घ्यायचे ठरल्यास मात्र पूर्ण समिती आणि मराठीतील संमतिपत्रक लागते; नमुने परदेशी जाणार असतील, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मान्यता घ्यावी लागते.

मंजुरीनंतर मिळालेला पासवर्ड फक्त करारात नाव असलेल्यांसाठी असतो. वीज गेली म्हणून ती फाइल सेतू केंद्रातल्या संगणकावर उतरवली, तरी तो कराराचा भंगच ठरतो.