मिझुको कुयो

मिझुको कुयो : गर्भातच दगावलेल्या, पाडलेल्या किंवा मृत जन्मलेल्या मुलासाठी आईवडिलांनी करायचा जपानी बौद्ध स्मरणविधी. मिझुको म्हणजे ‘पाण्यातले मूल’. कुयो म्हणजे मृतांच्या नावे केलेली पूजा व अर्पण. गर्भ आपोआप पडला, पाडावा लागला की नऊ महिने भरून मूल मृत जन्मले, असा भेद हा विधी करत नाही. विधी तसा साधा आहे. भिक्षू सूत्रपठण करतो, उदबत्ती लावली जाते, मुलाला मरणोत्तर नाव दिले जाते आणि ते लाकडी फळीवर किंवा स्मरणफलकावर लिहिले जाते. पुष्कळ आईबाप मंदिराच्या आवारात जिझोची छोटी दगडी मूर्ती बसवतात. मूर्तीला लाल टोपरे आणि लाळेरे घालतात, शेजारी भिरभिरे खोचतात, पुढ्यात दुधाची बाटली किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवतात. आजचे रूप घेऊन हा विधी घरोघरी पोचला तो १९७० नंतर. मात्र तो ज्या समजुतींवर उभा आहे त्या बऱ्याच जुन्या आहेत.

जिझो म्हणजे भारतीय महायान परंपरेतील क्षितिगर्भ बोधिसत्त्व. वेरूळच्या ११ व १२ क्रमांकाच्या लेण्यांत अष्टमहाबोधिसत्त्वांमध्ये तो आहे, पण आठांतला एक म्हणूनच. भारतात त्याचा वेगळा पंथ वाढला नाही. चीनमध्ये तो नरकातील जिवांचा कैवारी झाला. जपानमध्ये तो डोके मुंडवलेल्या तरुण भिक्षूच्या रूपात रस्त्यांच्या कडेला, वेशीवर आणि स्मशानांत उभा राहिला. प्रवाशांचा आणि मुलांचा राखणदार अशी त्याची ओळख पक्की झाली. मध्ययुगाच्या अखेरीपासून त्याच्याशी एक कथा जोडली गेली. आईबापांच्या आधी मेलेली मुले सान्झु नदी, म्हणजे परलोकाच्या वाटेवर मृतांना पार करावी लागणारी नदी, ओलांडू शकत नाहीत. त्यांच्या गाठी पुण्य नसते आणि आईबापांना दुःख दिल्याचा दोष मात्र असतो. ती साइ नो कावारा नावाच्या खडकाळ काठावर अडकतात आणि एक दगड बापासाठी, एक आईसाठी असे करत दगडांचे मनोरे रचतात. रात्री राक्षस येऊन ते पाडतात. मग जिझो येतो, मुलांना आपल्या बाह्यांत लपवतो आणि ‘आजपासून मीच तुमचा बाप’ असे सांगतो. ही कथा सांगणारे जिझोस्तोत्र गावोगावच्या बायका एकत्र बसून म्हणत. मेलेल्या लेकरालाच दोषी धरणारी ही कल्पना आज क्रूर वाटते. पण ती ऐकणाऱ्या आईला त्यातून एक काम मिळत असे. काठावरचे दगड ती स्वतः रचू शकत होती आणि तेवढे मुलाचे श्रम वाचत होते.

असा काठ प्रत्यक्ष दाखवणारी ठिकाणे जपानमध्ये अनेक आहेत. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध ओसोरेझान हे होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतातील शिमोकिता द्वीपकल्पावर आहे. ज्वालामुखीच्या मुखात साठलेले उसोरी सरोवर, जमिनीतून येणारी गंधकाची वाफ, झाडोरा नसलेली पांढरी-करडी जमीन आणि तिच्यावर जागोजाग दगडांच्या राशी असे हे स्थळ आहे. येथील बोदाइजी मंदिर सोतो झेन पंथाचे आहे. हिवाळ्यात ते बंद असते. २० ते २४ जुलै या काळात मोठी यात्रा भरते आणि तेव्हा इताको, म्हणजे मृतांच्या वतीने बोलणाऱ्या, परंपरेने अंध असलेल्या स्त्रिया येथे बसतात. आईबाप मुलासाठी खेळणी, गोड खाऊ आणि गवती वहाणा ठेवून जातात. खडकांवरून अनवाणी चालताना पाय पोळू नयेत म्हणून वहाणा. खाऊ कावळे नेतात आणि त्याला कोणी हरकत घेत नाही.

एदो काळात (१६०३–१८६८) गर्भपात आणि नवजात बालकाला मारणे हे दोन्ही अनेक प्रांतांत चालत असे. त्याला शेतकऱ्यांचाच शब्द होता : माबिकी, म्हणजे दाट उगवलेल्या रोपांची विरळणी. दुष्काळ आणि सारा ही कारणे खरीच, पण केवळ उपासमारीने हे घडत होते असे नाही. वाटण्या टाळण्यासाठी आणि घर आटोपशीर ठेवण्यासाठीही मुले ‘परत पाठवली’ जात. सात वर्षांपर्यंतचे मूल देवांचेच असते ही म्हण या संदर्भात नेहमी उद्धृत होते, पण ती खरोखर किती जुनी आहे याविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे. लोकांची मने निर्ढावलेली होती असेही म्हणता येत नाही. इबाराकी प्रांतातील तोने येथील तोकुमानजी मंदिरात एक चित्रफलक आहे. त्यात बाळंतीण आपल्या नवजात मुलाला दाबून धरते आहे, मागच्या कागदी पडद्यावरील तिच्या सावलीला शिंगे फुटली आहेत आणि बाजूला जिझो रडतो आहे. जपानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचा पाया घालणारे यानागिता कुनिओ यांनी हे चित्र लहानपणी पाहिले होते आणि ते त्यांच्या मनातून कधी गेले नाही. तोक्योतील र्योगोकु भागात एकोइन हे मंदिर आहे. १६५७ च्या मेइरेकी आगीतील बेवारस मृतांसाठी ते उभारले गेले. तेथे १७९३ मध्ये मात्सुदाइरा सादानोबु या शोगुनाच्या मंत्र्याच्या आज्ञेने मिझुकोंसाठी स्मारक बांधण्यात आले. या विधीचा आरंभ पुष्कळदा तेथून सांगितला जातो.

एदो काळानंतर आलेल्या मेइजी राजवटीने गर्भपात गुन्हा ठरवला आणि दंडसंहितेतील ती कलमे आजही कायम आहेत. पण १९४८ च्या सुप्रजा संरक्षण कायद्याने त्यांना मोठा अपवाद केला. युद्धानंतरची अन्नटंचाई, वसाहतींमधून परतलेले लाखो लोक आणि चोरून होणारे धोकादायक गर्भपात ही त्यामागची पार्श्वभूमी होती. १९४९ मध्ये आर्थिक कारण ग्राह्य धरले गेले आणि १९५२ मध्ये समितीच्या मंजुरीची अट गेली. (याच कायद्याखाली अपंगांची सक्तीने नसबंदी झाली, ती तरतूद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.) १९५५ मध्ये नोंदलेल्या गर्भपातांची संख्या ११ लाख ७० हजारांवर गेली. त्यांतल्या बहुतेक स्त्रिया लग्न झालेल्या, घरी आधीच मुले असलेल्या होत्या. गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळायला १९९९ साल उजाडले, त्यामुळे मधली चाळीस-पन्नास वर्षे निरोध आणि गर्भपात यांवरच कुटुंबनियोजन चालले. १९९६ मध्ये कायद्यातील सुप्रजेची भाषा काढून त्याला मातृसंरक्षण कायदा असे नाव देण्यात आले. सध्या २२ आठवड्यांच्या आत गर्भपात करता येतो, पतीची संमती सामान्यतः लागते, आणि वार्षिक आकडा सव्वा लाखाच्या आसपास आहे.

१९५५ मध्ये पंचविशीत असलेल्या बाईने १९७५ मध्ये पंचेचाळिशी गाठली होती. मुले हाताशी आली होती, नवरा दिवसभर कंपनीत, हातात थोडा पैसा, आणि पूर्वी कधी कोणाशी न बोललेली गोष्ट मनात तशीच. मिझुको कुयोची लाट नेमकी याच वेळी आली हा योगायोग नव्हे. सायतामा प्रांतातील चिचिबुजवळ १९७१ मध्ये शिउनझान जिझोजी हे केवळ या विधीला वाहिलेले मंदिर सुरू झाले. त्याचा संस्थापक हाशिमोतो तेत्सुमा उजव्या राजकारणातला होता आणि उद्घाटनाला पंतप्रधान सातो एइसाकु हजर होते. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उभ्या असलेल्या तेथील मूर्ती हजारोंनी मोजाव्या लागतात. आर्थिक कारणाची तरतूद काढून टाकण्याचे प्रयत्नही १९७० च्या दशकाच्या आरंभी आणि पुन्हा १९८२-८३ मध्ये झाले. स्त्रीसंघटनांच्या विरोधामुळे ते फसले.

या लाटेबरोबर भीतीही विकली गेली. साप्ताहिकांतून आणि पत्रकांतून सांगितले जाऊ लागले, की ज्याचे कुयो झाले नाही तो मिझुको घराला तातारी, म्हणजे बाधा, करतो. आईची कंबरदुखी, हयात मुलाचे परीक्षेतले अपयश, नवऱ्याची अडलेली बढती या सगळ्याचे खापर त्याच्यावर फुटू लागले. उपाय म्हणजे मूर्ती, तिची किंमत आणि दरवर्षीचे देखभाल शुल्क. जुन्या समजुतीत साइ नो कावारावरचे मूल दयेचे धनी होते. सूड घेणारा गर्भ ही बहुतांशी नव्या काळाची निर्मिती. जोदो शिन्शू या जपानमधील मोठ्या बौद्ध पंथाने बाधेची कल्पना साफ नाकारली आणि आपल्या मंदिरांना या विधीपासून दूर ठेवले. अमेरिकी अभ्यासकांतही यावर तट पडले. हेलन हार्डेकर यांनी त्यातला बाजार आणि स्त्रीवर लादलेला अपराधभाव पुढे आणला. विल्यम लाफ्लर यांनी गर्भपाताला मुभा आणि त्याच्या शोकालाही जागा अशी सांगड घालणारी समाजाची शहाणीव त्यात पाहिली. बाजार होता हे कागदोपत्री सिद्ध आहे. परंतु जाहिराती ओसरल्यावरही लोक येत राहिले, आणि यायचे कारण मंदिराइतकेच सरकारी कचेरीत आणि नोकरीच्या ठिकाणी शोधावे लागते.

जपानमध्ये गरोदरपणाची नोंद केली, की नगरपालिका आईला माता-बाल आरोग्य पुस्तिका देते. तिच्यात वजन, तपासण्या, पुढे लसी लिहायच्या असतात. १२ आठवड्यांनंतर मूल गेले तर सात दिवसांत मृत जन्माची सूचना त्याच कचेरीत द्यावी लागते आणि दहनाचा परवाना घ्यावा लागतो. मात्र मृत जन्मलेले मूल कोसेकीत, म्हणजे कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत, चढत नाही. क्षणभर श्वास घेतलेल्या मुलाचा जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदले जातात; न घेतलेल्याचे नावही लागत नाही. असे मृत जन्म अलीकडे वर्षाला १५ हजारांच्या घरात आहेत. १२ आठवड्यांच्या आत गेलेल्या गर्भासाठी तर सूचनाही द्यायची नसते.

श्रमकायदा येथे कोसेकीहून उदार आहे. ८५ दिवसांनंतरचा मृत जन्म हेही बाळंतपणच धरले जाते. आईला आठ आठवड्यांची रजा मिळते. त्यांतल्या पहिल्या सहा आठवड्यांत तिची इच्छा असली तरी मालकाला तिला कामावर घेता येत नाही. प्रसूतीचे ठोक अनुदान (२०२३ पासून सर्वसाधारणपणे ५ लाख येन) मिळते आणि नोकरदार आईला रजेच्या काळात पगाराच्या सुमारे दोन तृतीयांश इतका भत्ताही. म्हणजे कागदावर ती बाळंतीण असते. दूध येते, ते आटवण्याची गोळी घ्यावी लागते, आणि रजा संपवून परतल्यावर कोणीतरी बाळाचे नाव विचारते. बापाची स्थिती वेगळीच. सुतकाची रजा कायद्याने दिलेली नाही, ती कंपनीच्या नियमांवर असते, आणि मृत जन्म त्यात धरायचा की नाही हे कंपनीच ठरवते. संगोपन रजेसाठी हयात मूल लागते. त्यामुळे दहन उरकून बाप दोन-तीन दिवसांत कामावर रुजू होतो असे सर्रास घडते.

दहनही वेगळ्या काळजीने होते. एवढ्या लहान देहाच्या अस्थी मोठ्या आचेत उरत नाहीत, म्हणून अनेक दहनगृहे अशा मुलांना सकाळची पहिली वेळ देतात, भट्टी अजून तापलेली नसते तेव्हा. जपानी रिवाजात अस्थी चॉपस्टिकने उचलून कलशात ठेवायच्या असतात. काही उरले तरच आईबापांना ते करता येते. कलश कित्येकदा घरीच कपाटावर राहतो. जवळ माता-बाल पुस्तिका, अर्धवट विणलेले मोजे, सोनोग्राफीचा फोटो. देवघर, म्हणजे बुत्सुदान, नसलेल्या सदनिकांत तोच कोपरा देवघराची जागा घेतो. कुयोला येणारी आजची जोडपी बहुधा बाधेची चौकशी करत नाहीत. पालकांचे आधारगट, परिचारिकांचे शोकसाहाय्य, आणि ऑक्टोबरमध्ये पाळला जाणारा गर्भ व अर्भक गमावलेल्यांचा स्मरणदिन या गोष्टी आता मंदिराच्या बरोबरीने आल्या आहेत. तोक्यो टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या झोजोजी मंदिरात जिझोच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. कामाकुराच्या हासेदेरा मंदिरातही तशाच. परदेशी पर्यटक त्यांचे फोटो काढतात, कित्येकांना त्या गोंडस वाटतात, आणि टोपरी कोणी विणली हे सहसा कोणी सांगत नाही.

मोठे होऊन गेलेल्या मुलांसाठी ईशान्य जपानमध्ये वेगळ्या प्रथा आहेत. यामागाता प्रांतात लग्नाआधी मेलेल्या मुलाचे किंवा मुलीचे काल्पनिक लग्न चितारून तो फलक मंदिराला वाहतात. त्याला मुकासारी एमा म्हणतात आणि तेन्दो येथील वाकामात्सुदेरा त्यासाठी प्रसिद्ध आहे. शेजारी काढलेला जोडीदार खरा, हयात माणूस असता कामा नये हा नियम कडक पाळतात, नाहीतर तोही मृतांकडे ओढला जाईल अशी भीती असते. आओमोरीच्या त्सुगारु भागात चित्राऐवजी काचेच्या पेटीतली नवरीची बाहुली देतात. युद्धात पडलेल्या मुलग्यांसाठी अशा पुष्कळ बाहुल्या वाहिल्या गेल्या. पेटीत मुलाचा फोटो असतो, आणि बाहुलीला वेगळे नावही ठेवतात.

जपानबाहेर हा विधी अमेरिकेतील झेन केंद्रांनी उचलला. ऑरेगन राज्यातील ग्रेट व्हाउ मठात होणाऱ्या समारंभात मूर्ती विकत घ्यायची नसते. आलेले लोक गप्प बसून स्वतःच्या हाताने लाळेरे किंवा छोटे झगे शिवतात आणि बागेतल्या जिझोंना घालतात. त्यांना बौद्ध असण्याची अट नाही, आणि मूल कसे गेले हेही कोणी विचारत नाही.