लोखंड झिजतं कुठे, गंज दिसतो कुठे

जिथे हवा जास्त लागते तिथे लोखंड जास्त गंजतं, असं बहुतेकांना वाटतं. बाबांची हत्यारांची पेटी मी सध्या दुरुस्त करतेय, तिचा अनुभव नेमका उलटा आहे. झाकणाचा उघडा पत्रा नुसता तांबूस झालाय. भोकं पडलीत ती तळाच्या दुमडीत, कडीच्या रिव्हेटखाली आणि वर्षानुवर्षं एकाच जागी पडून राहिलेल्या कानशीखाली.

याचं सुंदर स्पष्टीकरण केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी 1920च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावरून दिलं. थेंबाच्या कडेला पाणी उथळ असतं, त्यामुळे ऑक्सिजन तिथे सहज पोचतो. मध्यभागी तो कमी पडतो. एवढ्या फरकानं त्या थेंबाचा विद्युतघट बनतो! मध्यभागी लोखंडाचे अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनरूपात, म्हणजे विद्युतभार असलेले कण होऊन, पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्याशी मिळून हायड्रॉक्सिल आयन तयार करतात. दोन्ही आयन अधेमधे भेटतात, फेरस हायड्रॉक्साइड होतं, त्याला आणखी ऑक्सिजन मिळाला की तांबडा गंज. म्हणजे लोखंड खाल्लं जातं एकीकडे आणि गंज साचतो दुसरीकडे. शिवाय साचलेला गंज खालचा ऑक्सिजन आणखी अडवतो, ओल धरून ठेवतो, आणि खड्डा खोल होत जातो. दुमडीत, रिव्हेटखाली, कानशीखाली हेच घडलं.

म्हणून गंजाच्या पापुद्र्यांवर रंग मारणं व्यर्थ आहे. आधी सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढायचा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर (पाण्यात न विरघळणारा पॉलिश पेपर) ओला करून घासा. चिकटून राहिलेल्या पातळ गंजावर मी हिरड्याचा काढा लावते. नागपूरच्या इतवारी बाजारात हिरडा सहज मिळतो. त्यातलं टॅनिन, म्हणजे त्याला तुरटपणा देणारं द्रव्य, गंजातल्या लोखंडाच्या फेरिक आयनांना धरतं आणि निळसर काळं फेरिक टॅनेट बनतं. हा थर एकट्यानं पावसाळा काढणार नाही, त्यावर तेल किंवा रंग हवाच.

शनिवारी लोखंड घरात आणू नये, असं मला पेटी आणताना सांगितलं गेलं. गंजाला वार कळत नाही, दमटपणा कळतो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्यानं वाढतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवा त्याहून कितीतरी कोरडी असते, म्हणून हे काम उन्हाळ्यात उरकावं. पत्रा उन्हात तापवून दुमडीतली ओल पूर्ण घालवता येते.

शेवटी मी जवसाच्या उकळलेल्या तेलाचा अगदी पातळ हात देते. हे तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट पडदा तयार होतो. या क्रियेत उष्णता निघते. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात भिजवा, मग घराबाहेर एकेक मोकळी पसरून वाळवा.