दाऊ (इंग्रजी सर्वनाम)

‘दाऊ’ हे इंग्रजीतील द्वितीय पुरुषाचे एकवचनी सर्वनाम. अर्थ सरळ ‘तू’. संस्कृत ‘त्वम्’, लॅटिन ‘तू’ आणि मराठी ‘तू’ यांच्याच कुळातला हा शब्द. सतरावे शतक सरेपर्यंत तो प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून गेला. आता तो बायबलच्या जुन्या भाषांतरात, प्रार्थनांत, शेक्सपिअरच्या नाटकांत आणि जुन्या कवितांत भेटतो. अशा भारदस्त ठिकाणी भेटतो म्हणून तो आदरार्थी असावा, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आदरार्थी शब्द होता ‘यू’. ‘दाऊ’ म्हणजे अरे-तुरे.

मुळात हा भेद फक्त वचनाचा होता. एकाला ‘दाऊ’, अनेकांना ‘यी’. अतिप्राचीन इंग्रजीत तर दोघांसाठी, संस्कृत ‘युवाम्’सारखे, वेगळे द्विवचनही होते. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच आली. मोठ्या माणसाला अनेकवचनाने हाक मारण्याची फ्रेंच रीत तेराव्या शतकापासून इंग्रजीत दिसू लागते. ‘यी’चे कर्मरूप ‘यू’. सोळाव्या शतकात त्याने कर्त्याची जागाही घेतली.

रूपे मराठी विभक्तींच्या अंगाने लक्षात ठेवावीत. ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’, ‘दी’ म्हणजे ‘तुला’, ‘दाय’ म्हणजे ‘तुझा’. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘दाय’ऐवजी ‘दाईन’ येते, म्हणून ‘दाय हँड’ पण ‘दाईन आय’. नामाशिवाय एकटे ‘तुझे’ म्हणायचे असले तरी ‘दाईन’च. क्रियापदाला ‘-एस्ट’ किंवा ‘-स्ट’ लागतो: ‘दाऊ गोएस्ट’, ‘दाऊ हॅस्ट’. ‘दाऊ आर्ट’, ‘दाऊ शॅल्ट’, ‘दाऊ विल्ट’ ही रूपे पाठच करावी लागतात. जुनी भाषा वापरू पाहणारे हमखास चुकतात ते इथे: ‘दाऊ गोएथ’ असे लिहितात. ‘-एथ’ हा तृतीय पुरुषाचा प्रत्यय आहे, ‘तो जातो’साठी, ‘दाऊ’ला तो जोडणे म्हणजे ‘तू जातो आहेत’ म्हणण्यासारखे. दुसरी नेहमीची चूक ‘आय लव्ह दाऊ’. तिथे कर्म आहे, ‘दी’ हवे.

वापराचे नियम मराठी माणसाला पटकन उमगतात. थोरांनी लहानांना, मालकाने नोकराला ‘दाऊ’. उलट दिशेने ‘यू’. प्रेमिकांचे एकांतातले बोलणे ‘दाऊ’त, आणि राग आला की परक्यालाही ‘दाऊ’. या शब्दाचे क्रियापदही होते: ‘दाऊ करणे’, म्हणजे आपले ‘अरे-तुरे करणे’. 1603 मध्ये सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. तेव्हा सरकारी वकील सर एडवर्ड कुक त्यांच्यावर भर न्यायालयात कडाडले, “मी तुला ‘दाऊ’ म्हणतो, गद्दारा!” एका सरदाराची प्रतिष्ठा त्या एका सर्वनामाने उतरवली.

‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात राणी मुलाला म्हणते, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलेस. तिथे ‘दाऊ’ आहे. हॅम्लेट तेच वाक्य तिच्यावर उलटवतो, पण ‘यू’ वापरून. आईला ‘यू’ म्हणणे ही तिथली रीतच. शिवाय या प्रसंगात त्या शब्दाला थंड दुरावाही आहे. मराठीत आणताना पेच पडतो, कारण आपल्याकडे आई ‘तू’च असते. ‘तुम्ही’ लिहिले तर दुरावा गरजेपेक्षा जास्त होतो, ‘तू’ लिहिले तर फरकच पुसला जातो. भाषांतरकाराने असा प्रसंग पाहून ठरवावे. ‘दाऊ’ला ‘तू’ आणि ‘यू’ला ‘तुम्ही’ असा सरसकट बदल करू नये.

बायबलचे गणित वेगळे आहे. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरात ‘दाऊ’ केवळ एकवचन दाखवतो, कारण मूळ हिब्रू आणि ग्रीकमध्ये एक-अनेक हा भेद आहे. राजा असो, चाकर असो की देव, एकटा असेल तर ‘दाऊ’च. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतही ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ असेच म्हणतात, आणि विठ्ठलाला ‘तुम्ही’ म्हणणारा वारकरी विरळाच. हा एक-अनेक भेद कळला की अर्थही उलगडतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात येशू शिमोन या आपल्या शिष्याला सांगतो, सैतानाने ‘यू’ मागितले आहे, पण मी ‘दी’साठी प्रार्थना केली आहे. पहिले साऱ्या शिष्यांसाठी, दुसरे एकट्या शिमोनासाठी. आधुनिक इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’ येतो आणि ही ओळ सपाट होते.

सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाने माणसामाणसांत उच्च-नीच नको म्हणून सर्वांनाच ‘दाऊ’ म्हणायचा नेम केला. न्यायाधीशालाही. त्यापायी त्यांनी अपमान आणि मार सोसला. इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या बोलीत ‘दा’ हे रूप आजवर टिकून आहे.

जुनेपणा दाखवायला इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवर लिहितात त्या ‘यी ओल्ड’मधल्या ‘यी’चा या सर्वनामाशी काही संबंध नाही. जुन्या लिपीत ‘थ’ आणि ‘द’ या ध्वनींसाठी ‘थॉर्न’ नावाचे एक अक्षर होते. हस्तलिखितांत ते ‘वाय’ (Y) या अक्षरासारखे दिसू लागले, आणि छापखान्यात त्याचा खिळा नसल्याने ‘वाय’च वापरला गेला. तो शब्द म्हणजे साधे उपपद ‘द’, आणि त्याचा उच्चारही ‘द’ असाच होता.