नैराश्याची गोळी दोन दिवस बंद ठेवली की अयाहुआस्का चालतं?

नाही. ‘वनस्पतीच आहे, गोळी दोन दिवस आधी सोडली की झालं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो धोकादायक आहे.

अयाहुआस्का हे ॲमेझॉन खोऱ्यातलं पेय साधारणपणे बॅनिस्टेरिऑप्सिस कापी ही वेल आणि डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असलेली पानं एकत्र उकळून करतात. नुसतं डीएमटी पोटात गेलं, तर ‘एमएओ’ नावाचं विकर ते मोडून टाकतं. वेलीतलं हार्मीन या विकराला अडवतं, म्हणून तर पेय चढतं. पण हेच विकर मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायनही मोडत असतं. नैराश्याच्या एसएसआरआय गोळ्या सेरोटोनिन वाढवतात. दोन्ही एकत्र आले की सेरोटोनिन अति वाढून सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: कापरं, घाम, तीव्र ताप, ताठरलेले स्नायू, भ्रम. यात जीवही जाऊ शकतो. अशी लक्षणं दिसली तर ‘शरीराची शुद्धी चालू आहे’ म्हणत थांबू नका, तडक रुग्णालय गाठा आणि काय घेतलं ते लपवू नका.

फ्लुओक्सेटिन ही अशीच एक एसएसआरआय गोळी; ती आणि तिच्यापासून शरीरात बनणारं द्रव्य कित्येक आठवडे टिकतं. ती बंद केल्यावर एमएओ रोखणारं औषध सुरू करण्याआधी डॉक्टर किमान 5 आठवडे थांबतात. दोन दिवसांत काय होणार?

ट्रामाडोल हे वेदनाशामक, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अगदी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पतीसुद्धा अयाहुआस्कासोबत धोक्याच्या याच यादीत येते. आणि कृपा करून नैराश्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. नैराश्य उलटून येतं, ते कधीकधी पेयाइतकंच घातक ठरतं.