आतली कडी : शाळांमधल्या ‘लॉकडाऊन’ची पार्श्वभूमी

ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांना आगीची मॉक ड्रिल नवी नाही. लॉकडाऊन ड्रिल तिच्या नेमकी उलट. धोका दाराबाहेर असतो, म्हणून मुलांनी वर्गातच थांबायचं, दार आतून लावायचं आणि आवाज न करता खिडकीपासून लांब बसायचं.

१९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर ही पद्धत अमेरिकेत रुळली. पेशावरच्या शाळेवर डिसेंबर २०१४ मध्ये हल्ला झाल्यावर आपल्याकडेही केंद्राकडून सूचना आल्या. कुंपणाची भिंत, फाटकावर पहारा, ध्वनिक्षेपक असा त्यांचा रोख होता.

या भागाची खरी परीक्षा झाली ती २२ सप्टेंबर २०१६ ला. उरीवरच्या हल्ल्याला चारच दिवस झाले होते. उरण नवी मुंबई पोलिसांच्या हद्दीत येतं आणि नौदलाचा तळ तिथेच आहे. शस्त्रधारी माणसं दिसल्याचं तिथल्या शाळकरी मुलांनी सांगितलं. मोठी शोधमोहीम निघाली, दुसऱ्या दिवशी शाळा बंद ठेवल्या, हाती काही लागलं नाही. शाळा बंद ठेवणं योग्यच होतं. पण हीच बातमी भर वर्गात, मुलं बाकांवर असताना आली असती तर काय करायचं, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही आणि अजूनही पुरता सुटलेला नाही.

त्यात शब्दाचा गुंता. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कामगारवस्त्यांत ‘टाळेबंदी’ म्हणजे मालकाने कारखान्याला लावलेलं कुलूप. २०२० मध्ये तोच शब्द करोनाच्या लॉकडाऊनला चिकटला आणि त्याचा अर्थ झाला शाळा बंद, मुलं घरी. आता शाळेने लॉकडाऊन म्हटलं की पालकांना तेच आठवतं. ओळखीच्या एका शाळेने पालकांच्या ग्रुपवर ‘उद्या लॉकडाऊन ड्रिल’ एवढाच निरोप टाकला, तर अर्ध्या तासात आया-आजोबा फाटकावर हजर, शाळा पुन्हा बंद होतेय का विचारायला. खऱ्या प्रसंगी हीच गर्दी पोलिसांच्या गाडीच्या वाटेत उभी राहील. ‘आत थांबा’ हे दोन शब्द पहिलीच्या मुलालाही कळतात. माझ्या मते ड्रिलला तेच नाव द्यावं. रबाळे-महापेच्या कारखान्यांच्या पट्ट्यात वायुगळती झाली तरी पहिली सूचना हीच असणार, वर खिडक्या आणि पंखे बंद.

शब्दानंतर दार. आपल्या वर्गांना कडी-कोयंडा बाहेरून असतो, शाळा सुटल्यावर शिपायाने कुलूप घालण्यासाठी. आतली कडी कित्येक ठिकाणी मुद्दाम काढलेली असते, कारण लहान मुलं ती लावून अडकून बसतात. चौकटीवर स्क्रूची चार भोकं तेवढी उरतात. अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेवर २०१२ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतरच्या चौकशीतही मुख्य शिफारस हीच होती, की वर्गाचं दार आतून बंद करता आलं पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघड झाली आणि सरकारने शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासायचं, असंही त्यात आहे. संताप रास्त होता, आदेशही हवाच होता. मात्र तेव्हापासून शाळेची सुरक्षा म्हणजे कॅमेरा, असं समीकरण घट्ट झालं. झाल्या प्रकाराचा माग कॅमेऱ्याने लागतो, दार काही बंद होत नाही.

पॅनिक बटण, वर्गावर्गात स्पीकर, एका कळीने लागणारी चुंबकी कुलपं हे सगळं बाजारात आहे. वाद कुलपांवर आहे. वीज गेली किंवा आगीची घंटा झाली की चुंबकी कुलूप सुटलं पाहिजे, नाहीतर आगीत मुलं कोंडली जातील. २००४ मध्ये कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं जळून गेली, तेव्हा याबाबत तडजोड नाहीच. उलट बाजूही तितकीच खरी. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार चालू असतानाच आगीची घंटा वाजली आणि मुलं वर्गाबाहेर आली. म्हणून आतून बोटाने फिरवायचं आणि बाहेरून फक्त किल्लीने उघडणारं साधं कुलूप मला जास्त भरवशाचं वाटतं, आणि त्याच्या जोडीला आगीच्या घंटेहून वेगळा, बोलून दिलेला इशारा: मराठीत, दोनदा, ‘आत थांबा’.