एआय, आठवण आणि वाढणारी दरी

"कॅल्क्युलेटर आला तेव्हाही लोक असंच ओरडत होते, काय बिघडलं?" एआयचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. मला ते पटत नाही. कॅल्क्युलेटरला कुठलं गणित करायचं ते आपण सांगतो, एआयकडे थेट उत्तर मागितलं तर तो ते पण स्वतःच ठरवतो, म्हणजे विचार करायची जागाच उरत नाही.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. एखादी गोष्ट आठवायला आपण जी धडपड करतो ना, तिच्यामुळेच ती आठवण पक्की होते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो चार वेळा अभ्यासला, काहींनी एकदाच अभ्यासून पुढचे तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे! पण आठवड्याने त्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के, आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाचणाऱ्यांनाच वाटत होतं. एआयचं गुळगुळीत उत्तर वाचून "कळलं" वाटतं ते हेच.

एआय वापरून गणित शिकण्याचा तुर्कस्तानात शाळेतल्या जवळपास हजार मुलांवर प्रयोग झाला. साधा जीपीटी-४ (चॅटजीपीटीसारखा, विचारलं की थेट उत्तर देणारा एआय) मिळालेल्यांनी सरावात ४८ टक्के जास्त चांगली कामगिरी केली, मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली तर ती अजिबात एआय न वापरलेल्यांपेक्षा १७ टक्के मागे. उत्तर न देता फक्त हिंट देणारा एआय ज्यांना मिळाला त्यांचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही.

म्हणून "एआयने मेंदू सडतो" असले फॉरवर्ड्स मला "आपण मेंदू १० टक्केच वापरतो" या खोट्या समजुतीच्याच पंगतीतले वाटतात, वापर कसा होतो ते कोणी बघतच नाही.

आणि विषमतेचं काय, एआयमुळे माणसामाणसातली दरी वाढते की कमी होते? कस्टमर सपोर्टच्या सुमारे पाच हजार लोकांवरच्या अभ्यासात नवख्यांचं काम एआयमुळे ३४ टक्क्यांच्या आसपास वाढलं, मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही, म्हणजे दरी कमी झाली. हे मोठंच आहे. पण तिकडे एआय फक्त सुचवत होता, काय पाठवायचं ते माणूस ठरवत होता. आणि तुर्कस्तानातल्या त्या हिंटवाल्या एआयमागे शिक्षकांची मेहनत होती, मुलं कुठे चुकतात हे त्यांनी गणितागणिक आधीच लिहून दिलेलं. असा शिक्षक ज्या मुलाला नाही त्याच्या हातात फुकटातला, थेट उत्तर देणारा एआयच येणार.