मेन रोड (मराठवाडा)

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी स्टँड किंवा स्टेशनपासून निघून चौकातून मोंढ्याकडं, म्हणजे धान्य-कापसाच्या घाऊक बाजाराकडं, जाणारा मुख्य बाजाररस्ता. कुठं त्याला पेठ म्हणतात, कुठं गंज, पण पाटी कुठलीही असो, बोलताना मेन रोडच. गावं वाढली, बायपास झाले, तरी पब्लिक अजून याच रस्त्यावर का येतं, याचं उत्तर बरंचसं मोंढ्यात आहे.

आज दिसतात त्यातले बरेच मेन रोड निजामी राजवटीच्या शेवटच्या पन्नासेक वर्षांतले धरायला हरकत नाही. हैदराबाद-मनमाड मीटरगेज १९०० च्या सुमारास सुरू झाली अन् नांदेड, परभणी, सेलू, जालना ही गावं कापसाच्या व्यापाराला थेट जोडली गेली. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी लातूरला १९११ साली पोचली. त्याआधी माल बैलगाड्यांनी बार्शीला जायचा, म्हणजे इंग्रजी हद्दीत, अन् मधे निजामाचा करोडगिरी, म्हणजे जकातीचा, नाका.

लातूरच्या गंजगोलाईबद्दल मात्र साल जपून सांगावं लागतं. गोल आखणी, मधे जगदंबेचं मंदिर, अन् चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. आखणी फैयाजुद्दीन या नगररचनाकाराची, अन् साल म्हणून १९४५ दिलं जातं. पण हे साल मधल्या दुमजली इमारतीचं आहे. ते अख्ख्या पेठेला लावलं की रेल्वे आल्यावर तीस-पस्तीस वर्षं इथला व्यापार कुठं चालायचा हा प्रश्न उरतोच, त्यामुळं पेठ आधीची अन् इमारत नंतरची हे मत जास्त पटतं. दुसऱ्या टोकाला, लातूरची पेठ राष्ट्रकूटांपासूनची असं अभिमानानं सांगणारे पण भेटतात. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूरचे अधिपती म्हणवून घ्यायचे हे त्यांच्या कोरीव लेखांत आहे, ते लेख वाचणाऱ्या फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं एकदा ते गाव म्हणजे छत्तीसगडातलं रतनपूर असावं असं सुचवलं होतं, पुढं इतिहासकार अल्तेकरांनी लातूरच धरलं अन् आता बहुतेकांना तेच मान्य आहे. पण गाव जुनं म्हणून रस्ता जुना होत नाही, आज दिसणारी गोलाई विसाव्या शतकातलीच.

मोंढा समजल्याशिवाय मेन रोड कळत नाही. शेतकरी पहाटे गाडी घेऊन आडतीवर, म्हणजे दलालाच्या दुकानी, यायचा, हमाल पोती उतरवायचे, मापाडी काटा लावायचा अन् भाव ठरायचा रुमालाखाली, घेणाऱ्यानं दलालाची बोटं दाबायची, आकडा दोघांनाच माहीत, ज्याचा माल तो शेजारी नुसता उभा. वर कडता (वजनातली सूट), धर्मादा (दानधर्माच्या नावानं), तोलाई, हमाली कापून जे उरेल ते त्याचं. याला आळा घालायला हैदराबाद संस्थानानं १३३९ फसलीत (निजामी सरकारी सालात), म्हणजे साधारण १९३० ला, शेतीमालाच्या बाजाराचा कायदा केला. वऱ्हाडात कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार १८८६ पासूनच होता, म्हणजे आपल्याकडं हे चाळीसेक वर्षं उशिरा आलं. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. निजामाच्या काळात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, हातात पडली की पैसा हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयात, सहा कलदारला (इंग्रजी रुपयांना) सात हाली असा साधारण हिशोब, अन् तो पैसा संध्याकाळच्या आत याच रस्त्यावर फिरायचा: आधी किराणा, मग कापड, पीक चांगलं असेल तर सराफा.

कापड लाईनला खरी गर्दी लग्नसराईत, बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचं सगळं कापड एकदम घ्यायला. पांढऱ्या गादीवर दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं, चपलांचा ढीग बाहेर, दुकानदार थानावर थान उलगडतोय, मानाच्या साड्या, धोतरजोड्या, टॉवेल-टोपी वेगवेगळ्या ढिगात, मधेच कुणी आत्याबाई रुसतात, मग "आत्या, तुमचं तुम्ही निवडा" म्हणून त्यांच्यापुढं दहा साड्या टाकल्या जातात, अन् दुपारचं जेवण पण दुकानदाराकडूनच. उधारी सुगीवर. ओळख असल्याशिवाय असा बस्ता होत नाही, अन् ही ओळख आज्याच्या काळापासून चालत आलेली असते. माझ्या मते मेन रोड टिकलाय तो याच्यावर.

जुनी दुकानं दगडी जोत्याची, पुढं ओटा, दाराला एकेक काढायच्या फळ्या, वर माडी, नालीवर शहाबादी फरशी. अंबाजोगाई, म्हणजे निजामकाळातलं मोमिनाबाद, इथली पेठ छावणीमुळं वाढली.

पुढं जागा पुरेना म्हणून मोंढे गावाबाहेर गेले. नांदेड-परभणीला नवा मोंढा झाला, छत्रपती संभाजीनगरचा जाधववाडीला गेला. पोती गेली, तशी मेन रोडवरची भल्या पहाटेची गर्दी पण गेली, कापसाच्या जागी सोयाबीन आलं, आडतीच्या गाळ्यांत मोबाईलची दुकानं अन् कृषी सेवा केंद्रं आली. तरी पोळ्याच्या आठवड्यात याच रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. कासरे, म्होरक्या, गोंडे, घुंगरमाळा, शिंगाला लावायचा हिंगूळ अन् बेगड, ओट्यावर, हातगाड्यावर, खाली पोत्यावर मांडलेलं, अन् ट्रॅक्टरवाले पण एका बैलजोडीचा साज घेऊन जातात.